शेताला उतार एकच नसतो!

मेडशी (जि. वाशीम), प्रतिनिधी : अकोल्याहून वाशीमकडे निघालेली एसटी पातूर सोडते आणि थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बदलतो. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटी मागे पडते, रस्ता वळणे घेऊ लागतो आणि गाडी डोंगर चढून मेडशीच्या दिशेने येते. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, तर वाशीम पाचशे मीटरच्या वर. मधली उंची याच टापूत चढावी लागते. हा चढ किती, असे चालकाला विचारले तर तो गाडीच्या गिअरवरून उत्तर देईल. त्याच डोंगरावर शेळ्या घेऊन सरळ वर चढणाऱ्या गुराख्याचे उत्तर निराळे असेल आणि पावसाचे पाणी खाली येताना जी वाट धरते तिचा उतार आणखी निराळा. डोंगर एकच, जागाही एकच, तरी उत्तरे तीन. यातले चुकीचे एकही नाही.

कारण डोंगरावरील एखाद्या ठिकाणचा उतार किती, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणत्या दिशेने, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी आणि बी.एस्सी.च्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या मनात धडकी भरविणारे ‘पार्शल डेरिव्हेटिव्ह’ म्हणजेच मराठी परिभाषेतील ‘आंशिक अवकलज’ हे प्रकरण याच साध्या निरीक्षणावर उभे आहे. ते फळ्यावरच राहिले असते तर त्याची दखल वृत्तपत्राने घेण्याचे कारण नव्हते. परंतु सोयाबीन आणि तुरीची पेरणी होणाऱ्या या मुलखात पहिल्या दमदार पावसात शेतातली किती माती नाल्याला जाणार, हेही बऱ्याच अंशी त्याच गणितावर ठरते.

कापलेला डोंगर

रस्त्याचा उतार समजायला सोपा असतो. रस्त्यावर माणूस पुढे जातो किंवा मागे येतो, तिसरी सोय नाही. किलोमीटरचा दगड सांगितला की उंची ठरते. दोन दगडांमधील उंचीचा फरक भागिले अंतर, हा झाला उतार. शंभर मीटरमागे पाच मीटर चढला तर पाच टक्के. अंतर कमी कमी करीत अगदी पायाखालच्या जागेपर्यंत आणले की त्या जागेचा नेमका उतार मिळतो. बारावीला शिकविले जाणारे अवकलज ते हेच.

जमिनीचा पृष्ठभाग मात्र रस्ता नव्हे. तेथे एखाद्या जागेची उंची सांगायची तर दोन आकडे लागतात. गावच्या खुणेपासून पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती. उंची या दोन्हींवर अवलंबून असल्याने दोन्ही आकडे एकदम बदलू दिले की हिशेबाचा गुंता होतो. यावर गणितज्ञांनी काढलेला तोडगा एखाद्या व्यवहारी माणसाला सुचावा तसाच आहे. एका वेळी एकच आकडा बदलू द्यायचा. पूर्वेकडे चालायचे, पण उत्तर-दक्षिण तसूभरही सरकायचे नाही. असे चालताना जो चढ किंवा उतार जाणवेल तो त्या जागेचा पूर्व दिशेचा आंशिक अवकलज. मग त्याच जागी परत येऊन उत्तरेकडे तसेच चालायचे, तो दुसरा. ‘आंशिक’ या शब्दात याहून गूढ असे काही नाही. एकूण बदलातील एका दिशेचा अंश, इतकेच.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर महामार्गासाठी डोंगर कापला आहे अशा कुठल्याही ठिकाणी थांबावे. काळ्या बेसाल्टची उभी भिंत दिसते आणि तिच्या वरच्या कडेला जमिनीची वळणावळणाची रेषा उमटलेली असते. डोंगराला त्या एका दिशेने सुरी लावल्यावर मिळालेला हा छेद होय. त्या रेषेवरील एखाद्या बिंदूपाशी दिसणारा चढ म्हणजे कापाच्या दिशेचा आंशिक अवकलज. त्याच बिंदूतून आडवा दुसरा काप घेतला असता तर दुसरी रेषा दिसली असती आणि तिचा उतार वेगळा भरला असता.

या कल्पनेची गरज प्रथम डोंगरांमुळे पडली नाही. ताणलेल्या तारेच्या कंपनाचे समीकरण द’अलाँबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७४७ मध्ये मांडले, तेव्हा तारेचे स्थान जागेवर आणि वेळेवर असे दोहोंवर अवलंबून होते. तेथेही एक धरून दुसरे बदलणे भाग होते. पाठ्यपुस्तकांत दिसणारे वळणदार ‘डी’ हे चिन्ह लजांद्र यांनी या अर्थाने १७८६ मध्ये वापरले, पुढे सोडूनही दिले. १८४१ मध्ये याकोबी यांनी ते पुन्हा उचलल्यावर मात्र रूढ झाले. विद्यार्थी घाबरतात ते बहुधा या चिन्हालाच.

दोन धुरे, तिसरी दिशा

आता एक शेत डोळ्यांपुढे आणावे. विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. या शेताचा एक धुरा पूर्व-पश्चिम आणि दुसरा उत्तर-दक्षिण आहे, असे मानू. पूर्वेकडे शंभर मीटर चालले की जमीन तीन मीटर चढते. उत्तरेकडे शंभर मीटर चालले की चार मीटर उतरते. म्हणजे पूर्वेचा आंशिक अवकलज अधिक तीन टक्के आणि उत्तरेचा उणे चार टक्के. शेत सगळीकडे सारखेच कललेले आहे, हेही गृहीत धरू.

शेतकऱ्यापुढे पेरणीच्या वेळी तिफण किंवा ट्रॅक्टर कोणत्या धुऱ्याला समांतर चालवायचा हा प्रश्न असतो. पूर्व-पश्चिम तास काढले तर त्यांना तीन टक्के उतार, उत्तर-दक्षिण काढले तर चार टक्के. यातला तीन टक्क्यांचा पर्याय बरा, असे कोणीही म्हणेल. पण पाणी धुरे पाहून वाहत नाही. ते सर्वांत तीव्र उताराने जाते आणि हा उतार दोहोंपैकी एकाही धुऱ्यावर मोजलेला नाही.

तो काढायची रीत सोपी आहे. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. पायथागोरसच्या प्रमेयातील काटकोन त्रिकोण येथे उताराचे रूप घेऊन येतो. शेताचा खरा उतार पाच टक्के आहे. त्याची दिशाही याच दोन आकड्यांत दडलेली आहे. चढ पूर्वेकडे असल्याने पाणी पश्चिमेकडे ढळते आणि उतार उत्तरेकडे असल्याने उत्तरेकडेही ढळते. पश्चिमेला तीन पावले आणि उत्तरेला चार पावले या प्रमाणात, म्हणजे वायव्येच्या अंगाने पण उत्तरेकडे किंचित अधिक झुकून ते तिरपे निघते. दोन्ही धुऱ्यांवर काळजीपूर्वक मोजमाप करून ‘उतार जास्तीत जास्त चार टक्के’ असे टिपून ठेवणाऱ्याची फसगत होते ती येथे.

याच गणितात शेतकऱ्याच्या कामाची आणखी एक दिशा आहे. पूर्वेकडे चारशे मीटर गेले की बारा मीटर चढ. तेथून उत्तरेकडे तीनशे मीटर गेले की बारा मीटर उतार. निघालो तेथून सरळ रेषेत पाचशे मीटर लांब येऊनही उंची तेवढीच राहिली. या तिरप्या दिशेने चालले तर उतार शून्य. हीच समोच्च रेषा, कृषी खात्याच्या बोलीत ‘कंटूर’. ती पाण्याच्या वाटेला बरोबर काटकोनात असते. तीन की चार, अशी निवड करणाऱ्या शेतकऱ्याच्या समोर शून्याचाही पर्याय होता. धुऱ्यांच्या चौकटीमुळे तो नजरेस पडत नव्हता.

दोनच आकड्यांवरून सगळ्या दिशांचे उतार कसे कळतात, याचे उत्तर घरातल्या लाकडी पाटाकडे पाहिले तरी मिळेल. पाटाची एक कड थोडी उचलून धरली आणि तिच्या शेजारची कडही ठरावीक उचलली की पाटाचा कल पक्का झाला. त्यावर मग कोणत्याही तिरप्या रेषेत गोटी ठेवा, तिला मिळणारा उतार ठरलेला आहे. जमीन उंचसखल असली तरी पायाजवळच्या लहानशा तुकड्यात ती अशा कललेल्या पाटासारखीच असते. मडक्याच्या पोटाला पाटी टेकवावी तसा हा टेकलेला सपाट पृष्ठभाग. सर्वांत तीव्र चढाच्या दिशेने पूर्ण उतार मिळतो, तिच्यापासून साठ अंश वळले की निम्मा आणि नव्वद अंश वळले की शून्य.

घाटाचे रस्ते बांधणाऱ्यांचा सारा उद्योग या वळण्यावर चालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट आणि चढउताराच्या प्रदेशात रस्त्याचा नेहमीचा चढ तीस मीटरला एक मीटर आणि मर्यादा वीसला एक, म्हणजे पाच टक्के आहे. डोंगराची बाजू वीस टक्क्यांची असेल तर शंभर मीटर उंची सरळ चढून पाचशे मीटरमध्ये गाठता येईल, पण लादलेला ट्रक ते करू शकत नाही. पाच टक्के पाळायचे तर तीच उंची गाठायला दोन किलोमीटर रस्ता लागतो आणि तो सरळ चढाच्या दिशेपासून सुमारे ७५ अंश वळवावा लागतो. घाटात रस्ता डोंगराला जवळजवळ आडवाच चालला आहे असे प्रवाशांना वाटते. ते खरेच आहे.

निम्मी माती

समोच्च दिशेला काढलेला प्रत्येक तास म्हणजे एक बुटका बांध. पाणी त्यात थबकते, मुरते. उताराच्या दिशेने काढलेला तास म्हणजे पाण्याला आखून दिलेला पाट. फरक किती पडतो याचा हिशेब अमेरिकेच्या कृषी खात्यातील विशमायर आणि स्मिथ यांनी जमिनीच्या धुपीचे सूत्र तयार करताना मांडला. १९७८ च्या त्यांच्या पुस्तिकेनुसार तीन ते आठ टक्के उताराच्या शेतात आडवी मशागत केल्यास धूप उभ्या मशागतीच्या निम्मी राहते. एक-दोन टक्के उतारावर ती साठ टक्के राहते. यात जादा खत नाही, नवे बियाणे नाही. बदलते ती केवळ तिफणीची दिशा. अर्थात उतार सलग लांब असेल तर हा लाभ टिकत नाही. तीन ते पाच टक्क्यांच्या जमिनीत सुमारे ९० मीटरपर्यंतच केवळ आडव्या मशागतीचा भरवसा धरता येतो, पुढे बांध घालावा लागतो.

भारतातील जमिनीची धूप वर्षाला हेक्टरी सरासरी सोळा टनांच्या घरात असल्याचा अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये वर्तविला होता. बेसाल्टपासून एक इंच माती तयार व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात, हे लक्षात घेतले की निम्म्याचे मोल कळते. टेकड्यांच्या अंगावरील जमिनीत मातीचा थर आधीच पातळ असतो आणि खाली लगेच मुरूम लागतो.

मग सारे शेतकरी आडवी पेरणी का करीत नाहीत? त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. वाटण्या होत होत शेते लांबट आणि अरुंद झाली आहेत. अशा पट्टीत तिरपे तास काढले तर ते आखूड होतात, कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे सुटतात, ट्रॅक्टरला वारंवार वळावे लागते आणि डिझेल जळते. भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरचा चालक तासावर पैसे घेतो. शिवाय समोच्च रेषा सातबारा ओळखत नाही. ती एका शेतातून निघून शेजाऱ्याच्या शेतात शिरते. बांध तिच्यावर घालायचा तर शेजाऱ्याची संमती हवी. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, त्यामागे अशी कामे एकेकट्या शेताऐवजी सलग क्षेत्रावर करण्याचीच गरज होती. पाणलोट विकासाची आजची कामेही शिवार हा घटक धरून आखली जातात ती त्याचमुळे.

काळ्या जमिनीचे आणखी एक पथ्य आहे. भारी काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. तेथे तंतोतंत समपातळीवर बांध घातला तर पाणी तुंबते आणि सोयाबीन पिवळे पडते. म्हणून चांगल्या पावसाच्या भागात आणि भारी जमिनीत ‘ढाळीचे बांध’ घालतात. त्यांना ०.२ ते ०.४ टक्का एवढा किंचित उतार मुद्दाम दिलेला असतो, जेणेकरून जादा पाणी हळू चालीने नाल्याकडे जावे. आपल्या पाच टक्क्यांच्या शेतात ०.२ टक्का उतार हवा असेल तर समोच्च रेषेपासून किती वळायचे? उत्तर आहे, जेमतेम सव्वादोन अंश. आखणी करणाऱ्याच्या हातून चुकून समोच्च रेषेपासून दहा अंश वळले गेले तर उतार ०.९ टक्क्यावर जातो आणि बांधाच्या कडेने पाणी माती खरवडत धावू लागते. बांध फुटण्याच्या तक्रारींमागे मातीकामाइतकीच आखणीही तपासली पाहिजे, असे या आकड्यांवरून दिसते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम जिल्ह्याचाही समावेश होता. त्यात प्रसार झालेल्या रुंद वरंबा सरी पद्धतीतही वरंबे उताराला आडवे असावेत, ही अट महत्त्वाची असते.

खिंडीतला शून्य

दोन्ही आंशिक अवकलज शून्य आले तर? ती जागा माथ्याची असेल, असे पटकन वाटते. ती तळ्याच्या तळाचीही असू शकते. तिसरी शक्यता मोठी मौजेची आहे. खिंडीतून जाणाऱ्या वाटेचा सर्वांत उंच बिंदू घ्या. वाटेने चालणाऱ्याच्या दृष्टीने तो चढाचा शेवट. पण उजव्या-डाव्या बाजूच्या डोंगरांकडून पाहिले तर तोच बिंदू सर्वांत खोल. एका दिशेने माथा, दुसऱ्या दिशेने तळ आणि उतार दोन्हींकडे शून्य. घोड्यावरच्या खोगिराचा आकार तो हाच. घाटवाटा शेकडो वर्षे अशाच बिंदूंमधून गेल्या आहेत.

पाणलोटाची रेषा हा याचाच लांबट भाऊबंद. तिला आडवे ओलांडताना चढ संपून उतार सुरू होतो, म्हणजे त्या दिशेचा अवकलज क्षणभर शून्य होतो. वाशीम जिल्ह्याच्या अंगावर अशी एक मोठी रेषा आहे. जिल्ह्यातच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात पोचते. अडाण आणि अरुणावती याही याच जिल्ह्यात उगम पावतात. त्यांचे पाणी मात्र अखेर पैनगंगेत जाते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. पाणलोटाच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट चिन्हाच्या बदलाने होते. एका बाजूला अवकलज अधिक, दुसऱ्या बाजूला उणे.

दोन उतारांवरून सारे कळते, या विधानालाही अपवाद आहे. शेताच्या कोपऱ्यावर उभे राहिले आणि दोन्ही धुऱ्यांवरून जमीन अगदी सपाट दिसली, पण त्याच कोपऱ्यातून शेतात तिरपी ओघळ पडलेली असली तर दोन्ही अवकलज शून्य येऊनही पाणी धो धो वाहून जाईल. पृष्ठभाग जेथे तुटला आहे, धारदार झाला आहे, तेथे टेकवायला पाटच बसत नाही. गणिताच्या पुस्तकांत यासाठी स्वतंत्र अट असते. शेतात ती ओघळ पाहण्यासाठी फिरावे लागते.

आकाशातून मोजणी

आज उताराचे नकाशे संगणक तयार करतो आणि तो अक्षरशः हेच आंशिक अवकलज काढतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारद्वारे पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची टिपली. तीस मीटर अंतरावरच्या उंचीची ही माहिती २०१४ पासून टप्प्याटप्प्याने जगाला खुली झाली. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहात दोन कॅमेरे होते. माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे दोन कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उंची काढण्याची सोय त्यात होती.

जमीन अशी चौकटींत विभागली की हिशेब सरळ आहे. एखाद्या चौकटीच्या पूर्वेकडील शेजाऱ्याच्या उंचीतून पश्चिमेकडील शेजाऱ्याची उंची वजा करायची आणि साठ मीटरने भागायचे. उत्तर-दक्षिणेलाही तसेच. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की त्या चौकटीचा उतार मिळाला. प्रत्यक्षात कोपऱ्यांवरचे शेजारीही हिशेबात घेतात, पण तत्त्व तेच. जिल्ह्याचा नकाशा काही क्षणांत रंगतो.

एका शेतासाठी मात्र हा नकाशा जपून वापरावा लागतो. तीस मीटरची चौकट म्हणजे सुमारे नऊ गुंठे जागा. तेवढ्यात धुरा, ओघळ, जुना बांध सगळे एका आकड्यात गडप होते. उंचीत काही मीटरची चूक असू शकते. साठ मीटरमागे केवळ तीन मीटरची चूक धरली तरी उतारात पाच टक्क्यांचा फरक पडतो. आपल्या कल्पनेतील शेताचा तर एकूण उतारच तेवढा आहे. कोणत्या टेकडीवर आधी काम हाती घ्यावे हे ठरवायला उपग्रह उपयोगी पडतो. बांधाची रेषा आखायला नव्हे.

ती आखण्यासाठी डंपी लेव्हल लागते, किंवा पाणलोटाच्या कामांवर हल्ली सर्रास दिसणारे स्वस्त साधन चालते. सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक माणूस काठी घेऊन पहिल्या खुंटीवर उभा राहतो. दुसरा काही पावलांवर जाऊन आपली काठी थोडी वर, थोडी खाली सरकवीत राहतो. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आले की तेथे दुसरी खुंटी ठोकतात. मग पहिला माणूस पुढे जातो. अशा खुंट्या शेतभर ठोकून झाल्या की त्या फक्कीच्या रेघेने जोडतात. ही रेघ बहुतेक शेतांत धुऱ्याला तिरपी जाते.